शुद्धिपत्र

बाबांच्या बैठकीच्या खोलीतला तो दिवा हिरवा व्हायला दोन माणसं लागत. बाबा एकटे बसलेले असले की तो विझलेला असे. मी येऊन समोरच्या वेताच्या खुर्चीत बसले, की थोड्या वेळाने भिंतीवरच्या साबणाच्या वडीएवढ्या यंत्रात एक हिरवा ठिपका उजळे. बाबा वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणत, "लागला मीटर."

यंत्राचं सरकारी नाव सहवासमापक. लोक त्याला 'सोबती' म्हणत. यंत्र माझ्या वडिलांनी बनवलं नव्हतं. पण देशभरातल्या भिंतींवर ते लागलं त्यांच्यामुळे.

डॉ. मनोहर आठल्ये यांनी आयुष्यभर कर या एकाच विषयाचा अभ्यास केला. जकात म्हणजे काय हे आता समजावून सांगावं लागतं. गावाच्या हद्दीत माल आणला की द्यायचा कर. पीएचडीसाठी बाबा एका तालुक्याच्या गावाबाहेर जकात नाक्यावर बसून राहिले होते. नाका टाळायचा म्हणून ट्रक अलीकडेच थांबत आणि माल सायकलींवरून, हातगाड्यांवरून, बायकांच्या डोक्यावरच्या पाट्यांतून शेतवाटेने आत जाई. त्या थांब्याभोवती आधी चहाच्या टपऱ्या झाल्या, मग गोदामं, मग घरं, मग मारुतीचं देऊळ. पुढे जकात रद्द झाली आणि काही वर्षांत ती वस्ती उठून गेली. मी शाळेत असताना बाबांनी मला मुद्दाम तिथे नेलं होतं. देवळाला शेंदूर लावायलाही कोणी उरलं नव्हतं.

"मिथू, हे गाव नदीमुळे वसलं नव्हतं," ते म्हणाले. "कायद्यातल्या एका कलमामुळे वसलं आणि ते कलम गेल्यावर उठलं. लोक तोंडाने काय सांगतात ते ऐकू नये. पाय कुठे वळतात ते बघावं."

ही सगळी बुद्धी त्यांनी शेवटी ज्या कामात घातली, त्याचं मूळ आमच्या घरात होतं. आजी अंथरुणाला खिळली तेव्हा आईने बँकेतली नोकरी सोडली आणि आजी असेपर्यंत तिचं सगळं केलं. आई गेल्यावर बाबा म्हणाले, "तुझ्या आईची ती वर्षं देशाच्या कुठल्याही उत्पन्नात धरलेली नाहीत. बाई ठेवली असती तर धरली असती." दिल्लीत कर सुधारणा समितीवर असताना त्यांनी हाच मुद्दा लावून धरला. आईवडिलांजवळ घालवलेला वेळ हे श्रम आहेत. मुलांना त्याबद्दल प्राप्तिकरात सवलत हवी. समितीतले लोक हसत. वेळ मोजणार कसा? मुलगा म्हणेल मी रोज जातो, आणि आई कशाला नाही म्हणेल?

मग मोजायचं साधन आलं. घरातल्या इंटरनेटच्या रेडिओलहरी खोलीभर पसरलेल्या असतात आणि माणसाच्या अंगावर आदळून परततात. श्वास घेताना छाती काही मिलिमीटर पुढे येते. तेवढ्यानेही परतणारी लहर बदलते. हृदयाच्या ठोक्याने होणारा बदल त्याहून बारीक असतो, पण तोही पकडता येतो, आणि माणसाच्या चालीसारखा तो प्रत्येकाचा वेगळा असतो. म्हणजे कॅमेरा न लावता, एक शब्द न ऐकता, खोलीत कोण आहे हे यंत्राला कळतं. त्यानंतरचा शोध कोणाच्या ध्यानीमनी नव्हता. दोन माणसं एकमेकांत रमलेली असली, गप्पा मारत असली किंवा न बोलता शेंगा सोलत असली, तर त्यांच्या श्वासांच्या लयी हळूहळू एकमेकींकडे सरकतात. एकाच खोलीत आपापला मोबाइल बघत बसलेल्यांच्या सरकत नाहीत. तेव्हा नुसती हजेरी नाही, सहवासच मोजता येऊ लागला. सवलत लागू झाली. अट एकच होती: यंत्राला त्या घरातल्या वडीलधाऱ्यांची संमती हवी, आणि संमतीला शेजाऱ्याची साक्ष.

आणि पाय वळले.

बाबांच्या नाशिकच्या सोसायटीत बहुतेक म्हातारी माणसंच राहत होती. पूर्वी रविवारी तिथे शुकशुकाट असे. आता पार्किंगला जागा मिळेना. मुलं येत, नातवंडं येत, आणि संध्याकाळी तासांची बेरीज मोबाइलवर बघून परत जात. शहरात श्वास जुळवण्याचे वर्ग निघाले.

समोरच्या फ्लॅटमधल्या टिपणीस काकूंना दोन मुलगे. एके रविवारी मी त्यांना विचारलं, "काकू, काय म्हणतात मुलं?"

"अगं, काय सांगू! थोरला शेजारी येऊन बसतो आणि माझ्या छातीकडे बघत राहतो. म्हणतो, आई, जरा सावकाश घे ना, माझा जुळत नाहीये. धाकटा हुशार आहे. तो माझ्याशी पत्ते खेळतो. खेळता खेळता आपोआप जुळतं म्हणे."

"तुम्हाला राग नाही येत?"

"कशाचा? पूर्वी दोघं भांडायचे आईला तू ने म्हणून. आता भांडतात, या रविवारी माझी पाळी म्हणून. माझ्यासाठी भांडणं होतायत या वयात!" काकू पदर तोंडाला लावून हसल्या. "आणि पत्त्यात मी त्याला दर खेपेला हरवते."

बाबा हे ऐकत होते. ते हसले नाहीत. गॅलरीत जाऊन ते खाली गाड्या लागताना बघत राहिले. जकात नाक्यावर ते असेच उभे राहत असतील, असं मला वाटलं. फरक एवढाच होता, की या वेळी ते नाक्यापलीकडच्या वस्तीत राहत होते.

आमच्या घरात माया सरळ शब्दांत कोणी बोललं नाही. ती अर्थशास्त्रात बोलायची रीत होती. आई जास्तीचे पोहे वाढायला आली की बाबा म्हणत, "दुसऱ्या बशीची उपयुक्तता पहिलीपेक्षा कमी असते." आई म्हणे, "मग पुरवठा बंद करते." तिचं आजारपण वाढलं तेव्हाही बाबा तिच्या उशाशी बसून म्हणाले होते, "तुला पर्यायी वस्तू बाजारात उपलब्ध नाही." ती हसली होती. मी पुण्याहून दर रविवारी नाशिकला येई, तेव्हा आमचंही असंच चाले. "आलीस? काय भाव?" "बाजार तेजीत आहे, बाबा. चहा ठेवते."

सवलत मी कधी घेतली नाही. पहिल्या वर्षी विवरण भरताना पडद्यावर आपोआप आमचे तास आले होते. त्यात एका रविवारच्या दुपारचा तुकडा सर्वांत ठळक होता. श्वास पूर्ण जुळलेले. मला ती दुपार आठवली. आईचं वर्षश्राद्ध होऊन गेलं होतं आणि आम्ही दोघं एक शब्द न बोलता मटार सोलत बसलो होतो. मी 'दावा करा' या बटणावरून बोट उचललं आणि पुन्हा कधी तिथे गेले नाही. बाबांना सांगितलं नाही. त्यांच्या आयुष्यभराच्या कामाला त्यांच्याच मुलीने नकार दिला, असं त्यांना वाटलं असतं. शिवाय मी घेत नाही असं सांगणं म्हणजे प्रेमाचं प्रशस्तिपत्र मागण्यासारखं होतं. आमच्या घरात ते कोणी मागत नसे.

त्यांना कळायला दुसरी वाट नव्हती, कारण ती त्यांनीच बुजवली होती. कोणाचंही एकट्याचं विवरण, अगदी आईबापांना, अगदी योजना चालवणाऱ्या अधिकाऱ्यांनाही दिसता कामा नये, हे कलम त्यांनी समितीशी भांडून घालून घेतलं होतं. वडीलधाऱ्यांना फक्त हिरवा दिवा दिसे. आणि मी आले की तो लागे.

त्या वर्षी पावसाळ्यात सांगलीला पूर आला आणि एका जुन्या ग्रंथालयात छातीभर पाणी शिरलं. कागद वाचवणं हे माझं काम. भिजलेली पुस्तकं आधी गोठवून ठेवतात, मग हवा काढून घेतलेल्या पेटीत त्यांतला बर्फ पाणी न होता थेट वाफ होऊन निघून जातो. नाहीतर शाई पसरते, पानं एकमेकांना चिकटतात. मी गणपतीनंतर गेले आणि तिथेच अडकले. बाबांना फोन करत होते. फोनवर ते नेहमीसारखेच बोलत.

दसऱ्याला एका दिवसासाठी आले. खुर्चीत बसून बराच वेळ झाला तरी दिवा लागला नाही.

"बाबा, हे बंद पडलंय का?"

"असेल," ते म्हणाले. "तू थांबणार आहेस का संध्याकाळपर्यंत?"

"नाही हो. दुपारची गाडी आहे. पेटीत पुस्तकं आहेत, ती सोडून राहता येत नाही."

"बरोबर आहे," ते म्हणाले. दोनदा म्हणाले. मी सोनं म्हणून आपट्याची पानं त्यांच्या हातावर ठेवली, नमस्कार केला, आणि निघाले. त्यांनी गॅलरीतून हात केला का, ते मी वळून बघितलं नाही. गाडी गाठायची होती.

मार्गशीर्षात काम संपलं. शेवटची पेटी रिकामी झाली त्याच संध्याकाळी मी सांगली सोडली आणि पुण्याला घरी न जाता थेट नाशिकला आले. सकाळी दार उघडलं तेव्हा बाबा दाढी करत होते. अर्ध्या गालाला फेस तसाच ठेवून ते माझ्याकडे बघत राहिले.

मी खुर्चीत बसले. दिवा लागला.

"लागला मीटर," बाबा म्हणाले. मग एकदम मोठ्याने हसत म्हणाले, "बघ! सवलत परत आली, की माणसं परत येतात."

मला वाटलं नेहमीचं चाललंय. मी पण म्हटलं, "मग काय! फुकट कोण येतंय तुमच्याकडे?"

बाबा इतके हसले, की फेस शर्टवर सांडला. त्या दिवशी ते फार खुशीत होते. स्वतः चहा केला. जकात नाक्यावरच्या सायकलवाल्यांच्या नकला करून दाखवल्या. नंतरचे सगळे रविवार मी आले आणि ते सगळे रविवार तसेच चांगले गेले. संक्रांतीच्या आधी एका दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसेल.

महिन्याभराने डॉ. रेश्मा तांबोळी भेटायला आल्या. त्या बाबांच्या विद्यार्थिनी. आता दिल्लीत या सवलतीचा सगळा विभाग सांभाळतात. बाबांच्या जुन्या संस्थेत त्यांच्या स्मरणार्थ होणारं भाषण रेश्माच देणार होत्या. छापील प्रत दाखवायला आणली होती. पिशवीतून निघाल्या मालेगावच्या नानकटाई.

"सरांना आवडायच्या," त्या म्हणाल्या. "मिथिलाताई, एक मजकूर आधी तुम्ही बघावा असं वाटलं. घरातला आहे. तुमचं नाव नाहीये, पण लोकांना कळेल."

शेवटच्या पानावर होतं. बाबांनी मार्गशीर्षात त्यांना फोन करून सांगितलेलं 'शेवटचं निरीक्षण'. एका घरात वडिलांनी गुपचूप संमती काढून घेतली. सवलत थांबली, मुलीचं येणं थांबलं. संमती परत दिली. सवलत परत दिल्यावर मुलगी आली.

मी ते परत वाचलं. नानकटाई हातात तशीच राहिली.

"संमती काढून घेतली होती?" मी विचारलं.

"तुम्हाला माहीत नव्हतं?" रेश्मा गोंधळल्या. "सूचना जाते की. दावा करणाऱ्याला त्याच दिवशी सूचना जाते. संमती काढली तेव्हाही, परत दिली तेव्हाही."

दार उघडंच होतं. टिपणीस काकू आमच्यासाठी पोहे घेऊन आल्या होत्या. त्या तिथेच थबकल्या.

"मीच साक्षीला होते गं," त्या म्हणाल्या. "दोन्ही वेळेला. गणपतीत मला म्हणाले, वहिनी, बघायचंय मला, ही माझ्यासाठी येते का सवलतीसाठी. मी म्हटलं, भाऊजी, असलं काही बघू नये. लोणचं मुरलं की खावं. मीठ कोणी कशासाठी घातलं ते काय विचारायचं? ऐकतायत थोडेच!"

"मग?"

"मग तू सांगलीला गेलीस. मी म्हटलं, कामाला गेलीय पोर. तर म्हणाले, वहिनी, सांगली हे निमित्त आहे. माणसाला निमित्त नेहमी सापडतं. पाय कुठे वळतात ते बघायचं." काकूंनी पोह्यांची ताटली टेबलावर ठेवली. "दसऱ्यानंतर जेवणच गेलं त्यांचं. शेवटी मार्गशीर्षात एक दिवस आपणहून दार वाजवलं. म्हणाले, चला, सही करा, परत लावू या. मला म्हणाले, तुमचंच बरोबर. कशासाठी का होईना, यावी."

रेश्मा मला म्हणाल्या, "मी सरांना म्हटलं होतं, सर, मी एकदा मिथिलाताईंचं विवरण बघून सांगू का? पटकन. कोणाला कळणार नाही. सर म्हणाले, रेश्मा, ती भिंत मी बांधली. तिला मागचं दार माझ्यासाठी पाडू नकोस."

"मी घेत नाही," मी म्हटलं.

"काय?"

"सवलत. मी कधीच घेतली नाही. कुठल्याच वर्षी."

रेश्मांच्या चेहऱ्यावर हिशोब होताना मला दिसत होता. त्याही बाबांच्याच विद्यार्थिनी.

"म्हणजे तुम्हाला सूचनाच गेली नाही," त्या हळूहळू म्हणाल्या. "सवलत गेली हे तुम्हाला माहीत नव्हतं. परत आली हेही नाही. आणि दुसऱ्या दिवशी..."

"पेटी रिकामी झाली होती. शेवटची पुस्तकं वाळली होती."

रेश्मांनी चष्मा काढला. "योगायोग. सर पहिल्या वर्षाच्या मुलांना हेच शिकवायचे. दोन गोष्टी एकापाठोपाठ झाल्या, म्हणजे पहिलीमुळे दुसरी झाली असं नाही." तो पुसत त्या म्हणाल्या, "पण सर फोनवर इतके आनंदात होते, मिथिलाताई. म्हणाले, चाळीस वर्षं मांडलं ते घरात खरं ठरलं, आणि मला त्याचं काही वाटत नाही, मुलगी आली."

काकू माझ्याजवळ येऊन बसल्या. "हे बघ. माणूस समाधानात गेला. आता कशाला उकरायचं? राहू दे ते छापलंय तसं."

त्यांचं म्हणणं मला पटत नव्हतं असं नाही. छापलंय तसं राहिलं असतं तर कोणाचंच नुकसान नव्हतं. योजना एका घराच्या निरीक्षणावर चालत नाही. बाबांच्या कामावर शेवटी एक नीटस ठिपका पडला असता. आणि सवलतीसाठी येणाऱ्या हजारो मुलांत आणखी एक मुलगी. मी स्वतःच्या तोंडाने तसं बोललेही होते. फुकट कोण येतंय तुमच्याकडे. ते हसले ते कशाला हसले, हे मला आता कोणी सांगू शकत नव्हतं. त्या वाक्यात मी जे म्हटलं होतं, ते आमच्या घरच्या भाषेत त्यांना ऐकू गेलं का, की त्यांनी ते एका प्रयोगाचं उत्तर म्हणून ऐकलं?

मी भिंतीकडे बघितलं. आम्ही तिघी होतो आणि दिवा विझलेला होता. तो लागायला त्यांचा श्वास हवा होता.

मला गोंदाचा वास आठवला. मी आठ-नऊ वर्षांची असताना बाबांचा पहिला मोठा अहवाल छापून आला होता. गठ्ठे घरी आले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना एका तक्त्यात चूक सापडली. निष्कर्षावर तिचा काही परिणाम नव्हता. आई म्हणाली, कोण बघणार आहे? बाबांनी जवळच्या छापखान्यात चिठ्ठ्या छापून आणल्या. वर 'शुद्धिपत्र', खाली दोन रकाने, अशुद्ध आणि शुद्ध. सुट्टीत आम्ही तिघांनी बैठकीवर बसून प्रत्येक प्रतीत एकेक चिठ्ठी चिकटवली. मी गोंद लावायचे, आई चिठ्ठी ठेवायची, बाबा हाताने दाबायचे. मी कंटाळून म्हटलं होतं, एवढ्याशा चुकीसाठी? बाबा म्हणाले, "मिथू, चूक लहान असली तरी तिच्याखाली माझी सही आहे ना?" त्या वेळी भिंतीवर यंत्र नव्हतं. असतं तर तिघांचे श्वास जुळलेले दिसले असते.

"रेश्मा," मी म्हटलं, "प्रती किती छापल्यात?"

"छापून झाल्या. संस्थेत पोचल्यासुद्धा. पण मी भाषणात तो भाग वाचणार नाही. गाळते."

"गाळू नका. त्यांनी तसं केलं नसतं." मी उठून बाबांच्या टेबलाच्या खणातून पेन काढलं. "मला एक कोरा कागद द्या. चिठ्ठ्या मी छापून आणते. चिकटवायलाही येते."

काकू म्हणाल्या, "मी पण येते चिकटवायला. धाकट्यालाही आणते. पत्ते नाहीतर हे, त्याचे तास भरल्याशी कारण." आणि मग त्यांना रडू आलं.

मी कागदाच्या वरच्या बाजूला शुद्धिपत्र असं लिहिलं. पान क्रमांक घातला. मधोमध उभी रेघ मारली. डाव्या रकान्यात रेश्माच्या प्रतीतलं वाक्य जसंच्या तसं उतरवलं. उजवीकडे काय लिहायचं, याचा विचार करत थोडा वेळ बसले. सांगली लिहावी का? पेटी, पुस्तकं, मी दावा कधीच केला नाही हे? ती सगळी कारणं होती. बाबा कारणं ऐकत नसत.

मग मी तेच वाक्य घेतलं आणि त्यातलं जे चुकीचं होतं तेवढं काढून टाकलं.

अशुद्ध: सवलत परत दिल्यावर मुलगी आली.

शुद्ध: मुलगी आली.